पाणी, दूध आणि वटवृक्ष : शिक्षणविषयक राजकीय भाषेतील रूपके

शिक्षणाविषयीचे राजकीय भाषण रूपकावाचून क्वचितच उभे राहते. शेती, आरोग्य, कर, संरक्षण या विषयांवर बोलताना राज्यकर्ते आकड्यांचा आधार घेतात; शिक्षणाकडे वळले की त्यांच्या भाषेत प्रकाश, बीज, वृक्ष, झरा, पाया, दार असे शब्द येऊ लागतात. भारतीय काव्यशास्त्राने रूपकाचे लक्षण सांगताना उपमेय आणि उपमान यांचा अभेद हे त्याचे मर्म मानले. उपमेत 'सारखे', 'जणू' हे शब्द मध्ये उभे असतात आणि ऐकणाऱ्याला सावध ठेवतात. रूपकात ते गळून पडतात. काव्यात हा अभेद रसिकाने जाणूनबुजून मान्य केलेला असतो. राज्यकारभाराच्या भाषेत मात्र तो श्रोत्याच्या नकळत मान्य होतो, आणि त्याबरोबर काही प्रश्नांची उत्तरेही परस्पर दिली जातात. शिक्षण हे पाणी आहे असे एकदा ठरले, की ते वरून खाली जाणार हेही ठरते. ते दूध आहे असे म्हटले, की ते कोणी पाजायचे हा प्रश्न मिटल्यासारखा होतो. ते झाड आहे असे म्हटले, की फळासाठी किती पिढ्यांनी थांबावे याची चर्चा करण्याचे कारण उरत नाही. खर्च कोणी करावा आणि वाट कोणी पाहावी, या दोन प्रश्नांवर रूपक किती अलगद पांघरूण घालते, हे पाहण्यास कलकत्ता आणि हुगळीच्या पलीकडचे हावडा यांच्याइतके योग्य ठिकाण भारतात दुसरे नसेल. इंग्रजी राजवटीचे शिक्षणविषयक निर्णय बहुतांशी तेथे झाले, त्यांना मिळालेली पहिली उत्तरेही तेथेच उमटली, आणि त्या वादात मराठी माणसांचा वाटा लहान नव्हता.

हावड्यातील शिवपूर येथे नदीच्या काठी १७८७ मध्ये कर्नल रॉबर्ट किड याने कंपनीचे वनस्पतिउद्यान स्थापन केले. त्याच्या शेजारी १८२० मध्ये बिशप मिडलटन याच्या पुढाकाराने बिशप्स कॉलेजची पायाभरणी झाली. मायकेल मधुसूदन दत्त यांनी काही काळ तेथे अध्ययन केले. १८८० मध्ये त्याच आवारात सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आले. धर्मोपदेशक घडविणारी संस्था जाऊन पूल आणि रस्ते बांधणारे अभियंते घडविणारी संस्था यावी, हा बदल एकोणिसाव्या शतकातील शिक्षणाच्या वाटचालीचे सारच म्हणावे लागेल. 'घडविणे' या क्रियापदाने मात्र दोन्ही संस्थांची सारखीच सेवा केली. विद्यार्थी हा कच्चा माल आणि शाळा हा साचा, ही कल्पना त्यात दडलेली आहे, आणि ती आजही भाषणांतून हटलेली नाही.

२ फेब्रुवारी १८३५ रोजी मेकॉले याने कलकत्त्यात आपले प्रसिद्ध टिपण लिहिले. युरोपीय ग्रंथालयाचे एक फडताळ आणि पौर्वात्य वाङ्मयाचा सारा संचय यांची त्याने केलेली तुलना सर्वपरिचित आहे. तिच्यातील उर्मटपणाची चर्चा पुष्कळ झाली. परंतु ज्ञान ही फडताळात मावणारी, मोजता आणि तोलता येणारी वस्तू आहे, हे तिचे गृहीतक तितकेसे ध्यानात घेतले गेले नाही. वस्तू म्हटली की ती आणणारा, साठवणारा आणि वाटणारा आलाच. सगळ्या जनतेला शिकविणे सरकारच्या साधनांपलीकडचे आहे, सबब राज्यकर्ते आणि रयत यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारा एक वर्ग तयार करावा, असे त्या टिपणात सुचविले होते. त्या वर्गाकडून ज्ञान हळूहळू खाली उतरेल, या अपेक्षेस पुढे पाझर सिद्धांत असे नाव पडले आणि १८३९ मध्ये गव्हर्नर जनरल ऑकलंड याच्या टिपणाने त्यास धोरणाचे रूप दिले.

पाणी मातीतून झिरपते ते आपल्या वजनाने. त्यासाठी कोणालाही श्रम करावे लागत नाहीत. सिद्धांताचे सारे आकर्षण याच गुणात होते. वरच्या थरावर थोडा खर्च केला की पुढचे काम निसर्ग करील, अशी सोय त्यात होती. विल्यम ॲडम हा याच काळात, १८३५ ते १८३८ या वर्षांत, बंगाल आणि बिहारमधील गावोगावच्या देशी शाळांची पाहणी करून अहवाल लिहीत होता. असलेल्या पाठशाळांना आधार देऊन तेथूनच उभारणी करावी, ही त्याची शिफारस बाजूला पडली. विद्या खालून उगवू शकते ही शक्यता झिरपण्याच्या कल्पनेत बसणारी नव्हती.

या कल्पनेचे सर्वांत नेमके खंडन मराठीभाषक प्रदेशातून झाले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्रश्न हिशेबाच्या पातळीवर आणला. सरकारचा महसूल मुख्यतः शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि तो उच्च वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. त्या वर्गाने मिळवलेली विद्या खालच्या जनतेपर्यंत पोचविण्यासाठी काहीही केलेले नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. बारा वर्षांच्या वयापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी होती. पाणी खाली येते असे सरकार म्हणत होते. ते वर कोणी वाहून नेले, हे जोतीरावांनी विचारले.

याच जोतीरावांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला होता. ही घटना आणि १८८२ चे निवेदन एकत्र ठेवून पाहिले, की पाझर सिद्धांताचा मूळ दोष स्पष्ट होतो. ज्या समाजात पाण्यालाच जात होती, ज्या समाजात पाणवठ्यावर कोणाची सावली पडावी याचेही नियम होते, तेथे पाणी आपोआप सर्वांपर्यंत पोचते असे रूपक धोरणाचा आधार म्हणून स्वीकारले गेले. पाणी आपोआप पोचत नाही, हे सिद्ध करण्यासाठी १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. भूगर्भात जे घडते ते गावात घडत नव्हते, कारण गावातील थर मातीचे नव्हते.

झिरपणाऱ्या पाण्याच्या जोडीस दुधाचे रूपक उभे राहिले. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी इंग्रजी विद्येला वाघिणीच्या दुधाची उपमा दिली आणि १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना झाली. पुढे हेच शब्द थोड्या फरकाने, शिक्षणमात्राविषयी, लोकांच्या तोंडी डॉ. आंबेडकरांच्या नावाने फिरू लागले. ज्या समूहाला विद्या नाकारली गेली होती, त्याला हे रूपक आपलेसे वाटावे यात नवल नाही. त्यात कृतज्ञतेची याचना नाही, बळाची आकांक्षा आहे. परंतु वाघिणीचे दूध ही दुर्मिळ गोष्ट आहे. ते मिळविण्यासाठी तिच्या गुहेपर्यंत जावे लागते, आणि जो जाईल तो एकटाच जाईल, हेही त्या प्रतिमेत गृहीत धरलेले आहे.

बंगालात दुधाचे रूपक निराळ्या वळणाने आले. शिक्षणात मातृभाषेचे स्थान मातेच्या दुधासारखे आहे, हा रवींद्रनाथ ठाकुरांचा विचार. त्यामागे त्यांचे चाळीस वर्षांहून अधिक काळाचे चिंतन होते. १८९२ मधील 'शिक्षार हेरफेर' या निबंधापासून ते परक्या भाषेतील शिक्षणाने मुलाच्या विचाराची आणि जगण्याची फारकत कशी होते हे सांगत आले होते. १९७७ मध्ये पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीचे सरकार आले आणि १९८० च्या दशकात सरकारी प्राथमिक शाळांतून इंग्रजी वगळण्यात आले, तेव्हा रवींद्रनाथांचे हे वचन घोषवाक्य झाले. निबंधातील विचार भिंतीवर गेला आणि तेथे त्याच्या अटी पुसल्या गेल्या. मातेचे दूध प्रत्येक मुलास सारखे मिळते. शाळा मात्र सारखी मिळत नव्हती. ज्या कुटुंबांना परवडत होते त्यांनी मुलांना खाजगी इंग्रजी शाळांत घातले, आणि सरकारी शाळेतील मूल सहाव्या इयत्तेत इंग्रजी अक्षरे गिरवू लागले. टीका वाढत गेली, १९९० च्या दशकाच्या अखेरीस धोरणाची दिशा बदलली आणि नव्या शतकाच्या आरंभी पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी परत आले. मातृभाषेतून शिक्षणाचा सिद्धांत यामुळे खोटा ठरत नाही. तो सर्व शाळांना लागू केला असता तर काय झाले असते, हे पाहण्याची संधी मात्र हुकली, कारण रूपकाच्या नैसर्गिकतेत शाळाशाळांमधील भेद दिसेनासा झाला.

रोष व्यक्त करण्यासाठी निवडलेल्या रूपकांची गोष्टही अशीच गुंतागुंतीची आहे. १९०४ मध्ये लॉर्ड कर्झन याने विद्यापीठांचा कायदा करून त्यांवरील सरकारी पकड आवळली; पुढील वर्षी बंगालची फाळणी झाली. स्वदेशीच्या त्या लाटेत गोलदिघी तळ्याशेजारच्या कलकत्ता विद्यापीठास 'गोलामखाना' हे नाव मिळाले. मार्च १९०६ मध्ये राष्ट्रीय शिक्षण परिषद स्थापन झाली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बंगाल नॅशनल कॉलेज सुरू झाले आणि अरविंद घोष त्याचे प्राचार्य झाले. तेथे बंगाली भाषा आणि भारताचा इतिहास शिकविणारे सखाराम गणेश देउस्कर हे देवघर परिसरात वाढलेले मराठी गृहस्थ होते. त्यांचा 'देशेर कथा' हा १९०४ चा बंगाली ग्रंथ रूपकांच्या तुलनेत अंकांवर अधिक विसंबतो. देशातील दारिद्र्य त्यांनी दरवर्षीच्या आकड्यांतून मांडले. १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. त्याच वर्षी महाराष्ट्रात तळेगावचे समर्थ विद्यालयही सरकारी आज्ञेने बंद पडले.

गुलामांचा कारखाना हे रूपक चळवळीस उपयुक्त होते. विद्यार्थ्याला दार ओलांडून बाहेर पडण्याचे धैर्य त्याने दिले. परंतु इतिहास रूपकाच्या आज्ञेत राहिला नाही. राष्ट्रीय शिक्षणाच्या आघाडीवर असलेले तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष यांनी पुढे, १९१२ आणि १९१३ मध्ये, आपल्या मोठ्या देणग्या त्याच विद्यापीठास दिल्या आणि त्यांतून विज्ञान महाविद्यालय उभे राहिले. आशुतोष मुखर्जी यांच्या नेतृत्वाखाली १९१९ मध्ये त्याच विद्यापीठात आधुनिक भारतीय भाषांचा पदव्युत्तर अभ्यास सुरू झाला. दुसरीकडे, राष्ट्रीय परिषदेच्या तांत्रिक शाखेतून वाढत गेलेल्या संस्थेस १९५५ मध्ये जादवपूर विद्यापीठाचे रूप आले. एक गोलामखाना आणि एक मंदिर अशी वाटणी भाषणात सोपी होती. प्रत्यक्षात एकाच पिढीची माणसे आणि एकच पैसा दोन्हीकडे राबत होता.

या साऱ्या वादाचा कळस १९१२ च्या पहिल्या तीन महिन्यांत कलकत्त्यात झाला. सम्राट पंचम जॉर्ज याने ६ जानेवारी रोजी कलकत्ता विद्यापीठाच्या मानपत्रास उत्तर देताना देशभर शाळा आणि महाविद्यालयांचे जाळे पसरावे, ज्ञानाने प्रजेची घरे उजळावीत, अशी इच्छा व्यक्त केली. आधीच्या डिसेंबरात दिल्ली दरबारात लोकशिक्षणासाठी ५० लाख रुपयांची घोषणा झालेली होती. जाळे हा शब्द नवा होता. पाण्याच्या तुलनेत तो बरा म्हणावा लागेल, कारण जाळे कोणीतरी विणावे लागते आणि त्यात वरचा थर आणि खालचा थर असा भेद नसतो. तथापि ते केव्हा, कोणी आणि किती रुपयांत विणायचे, हे त्या भाषणात नव्हते.

ते सांगणारे विधेयक कायदेमंडळापुढे वर्षभर पडून होते. गोपाळ कृष्ण गोखले हे १९०२ पासून केंद्रीय कायदेमंडळाचे सभासद होते. नागपूरमार्गे येणारी आगगाडी हावड्यास संपे. तेथून १८७४ च्या तरंगत्या पुलावरून हुगळी ओलांडली की राजधानी लागे. फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन केलेल्या या गृहस्थाने १८ मार्च १९१० रोजी मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला, सरकारी आश्वासनावर तो मागे घेतला, आणि १६ मार्च १९११ रोजी विधेयक आणले. त्याची भाषा जाणीवपूर्वक रूक्ष होती. जेथे ठराविक प्रमाणात मुले आधीच शाळेत जातात, अशाच ठिकाणी सक्ती लागू करता येईल. तीही स्थानिक संस्थेने ठरविले आणि प्रांतिक सरकारने मान्यता दिली तरच. वय ६ ते १० वर्षे. आरंभ मुलांपासून, मुलींचा विचार मागाहून. महिन्याला दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या पालकास फी माफ. खर्चाचा एक तृतीयांश भार स्थानिक संस्थेने आणि दोन तृतीयांश सरकारने उचलावा, असे गोखल्यांनी सुचविले होते. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात सक्ती लागू केलेली होती, हा दाखला त्यांच्या हाताशी होता. १९११ च्या जनगणनेत देशातील साक्षरता शेकडा सहाच्या आसपास होती.

विरोधकांच्या युक्तिवादात काळ अद्याप परिपक्व नाही, लोकांकडून मागणी नाही, ऐच्छिक प्रसारास पुष्कळ वाव आहे, असे मुद्दे होते. परिपक्वता हे फळाचे रूपक. फळ पिकविता येत नाही, ते पिकते. ते पिकेपर्यंत थांबणे हेच शहाणपण ठरते. बडोद्यातील फळ कलकत्त्याच्या आधी कसे पिकले, या प्रश्नाला मात्र त्यात उत्तर नव्हते. भूपेंद्रनाथ बसू आणि महंमद अली जीना यांच्यासारख्या सभासदांनी विधेयकास पाठिंबा दिला. १९ मार्च १९१२ रोजी मतदान झाले आणि १३ विरुद्ध ३८ मतांनी विधेयक निवड समितीकडे न जाताच फेटाळले गेले. सम्राटाच्या जाळ्याच्या भाषणास तेव्हा अडीच महिनेही झाले नव्हते. १९१३ च्या शैक्षणिक ठरावात सरकारने सम्राटाचे ते शब्द आदराने उद्धृत केले आणि सक्तीस नकार कायम ठेवला.

पराभव समोर दिसत असताना गोखल्यांनी त्या चर्चेत जे सांगितले ते अभ्यासकाने लक्षपूर्वक वाचावे असे आहे. आजपर्यंत नियमांत आणि टक्केवारीत बोलणारा हा वक्ता तेथे प्रथमच रूपकाकडे वळला. हे विधेयक आज फेकले गेले तरी पुनःपुन्हा परत येईल, आणि आपल्याच मृत रूपांच्या पायऱ्या करून त्यांवरून कधीतरी एक कायदा वर येईल, जो सगळ्या देशात ज्ञानाचा प्रकाश पसरवील, असा त्याचा आशय होता. पायऱ्यांची कल्पना टेनिसनच्या 'इन मेमोरियम' या १८५० मधील काव्यातील आहे. आपल्या पिढीने देशाची सेवा अपयशातूनच करावयाची आहे, असेही ते म्हणाले. शिक्षणविषयक राजकीय भाषेत हे रूपक वेगळे ठरते. पाणी, फळ आणि जाळे या प्रतिमांत थांबण्याचा भार ऐकणाऱ्यावर पडतो. गोखल्यांच्या पायऱ्यांत झिजण्याचा भार बोलणाऱ्याने आपल्याकडे घेतला आहे. शिवाय पायरी म्हटली की चढणे आले, आणि चढणे आपोआप होत नाही.

भाकीत खरे ठरण्यास वेळ लागला. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई प्रांतात नगरपालिकांपुरता सक्तीचा कायदा झाला. १९१९ मध्ये बंगालचा कायदा आला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्येच सक्तीचा निर्णय घेतला होता. राज्यघटनेच्या ४५ व्या अनुच्छेदाने १४ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी दहा वर्षांची मुदत दिली. ती १९६० मध्ये उलटून गेली. २००२ मध्ये ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, २००९ मध्ये त्याचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. १९ मार्च १९१२ पासून त्या दिवसापर्यंत ९८ वर्षे लोटली.

या प्रदीर्घ वाटेवर रूपकांचा पुरवठा कधीच तुटला नाही. १९३१ मध्ये लंडनमध्ये महात्मा गांधींनी देशी शिक्षणास सुंदर वृक्षाची उपमा दिली. इंग्रजांनी मुळे उकरून पाहिली आणि तशीच उघडी टाकली, म्हणून वृक्ष मेला, असे ते म्हणाले. फिलिप हार्टोग याने पुरावा मागितला आणि वाद ॲडमच्या अहवालांपर्यंत मागे गेला. १९८३ मध्ये धर्मपाल यांनी आपल्या ग्रंथासाठी तेच रूपक शीर्षक म्हणून घेतले. इकडे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने वटवृक्ष हे बोधचिन्ह स्वीकारले. एकाच वर्गातील या दोन प्रतिमा परस्परविरोधी आहेत. एकीत मूळ एकच असून ते दुखावले की सर्व संपते. दुसरीत प्रत्येक पारंबी जमिनीला टेकून स्वतः खोड होऊ शकते. १९८७ ची 'खडू-फळा मोहीम' आणि त्यानंतरची अभियाने यांनी युद्धाची भाषा आणली. मोहिमेला आरंभ आणि अंत असतो, विजयाची तारीख असते. वर्ग मात्र रोज सकाळी नव्याने भरवावा लागतो.

साहित्याने या भाषेकडे कसे पाहिले याचा एक दाखला रवींद्रनाथांच्या १९१८ मधील 'तोताकाहिनी' या लहानशा कथेत मिळतो. तेथे पोपटाला शिकविण्यासाठी सोन्याचा पिंजरा बनतो, पोथ्यांचे ढीग पडतात, देखरेख करणाऱ्यांची भरभराट होते. पक्ष्याची चौकशी कोणी करीत नाही, आणि तो मरतो. राजकीय रूपकाची परीक्षा करण्याची रीत या कथेत सापडते. पाण्याचे, दुधाचे, जाळ्याचे, मोहिमेचे कोणतेही रूपक घेतले तरी त्यात मूल कोठे आहे, हे शोधावे. झिरपण्याच्या सिद्धांतात ते सर्वांत खालच्या थरात, न दिसणारे आहे. परिपक्वतेच्या युक्तिवादात ते मुळीच नाही. गोखल्यांच्या विधेयकात ते सहा वर्षांचे आहे, आणि त्याच्या बापाची मिळकत महिन्याला दहा रुपयांहून कमी आहे.

शिवपूरच्या उद्यानातील प्रसिद्ध वटवृक्षाचे मूळ खोड १८६४ आणि १८६७ च्या वादळांनंतर बुरशी लागून सडत गेले आणि १९२५ मध्ये ते काढून टाकावे लागले. वृक्ष पारंब्यांवर उभा राहिला आणि वाढत गेला. पारंब्यांना आधार देणारी, त्यांना जमिनीपर्यंत नेणारी माळ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत त्यामागे आहे; तिची नोंद भाषणांत नव्हे, उद्यानाच्या खर्चाच्या वह्यांत करावी लागते.